रेवाचे गुरुवार

सोमवार, १० नोव्हेंबर

स. ११.२०. रेवाच्या महाविद्यालयातून दूरध्वनी. बोलणारा कार्यालयातील लिपिक. स्वतःचे नाव सांगण्याचा शिष्टाचार त्याने पाळला नाही. "आगाशेजी बोल रहे हैं? आपकी बच्ची काउंसलिंग में आती है, तो आपका एक अंडरटेकिंग लगेगा। नहीं तो एडमिट कार्ड नहीं निकलेगा।" कोणत्या विषयाचे मार्गदर्शन, असे मी विचारले. तो हसला. "अरे अंकल, वो वाली। दिमाग़ वाली।"

 रेवा माझी नात, गेल्या वर्षीच्या जुलैपासून माझ्या घरी राहते. तिचे आईवडील बेंगळुरूला. महाविद्यालयाच्या कागदांवर स्थानिक पालक म्हणून माझे नाव, माझा पत्ता (साकेत नगर, भोपाळ), माझा रक्तगटसुद्धा. आणि ही गोष्ट मला कळते ती एका निनावी लिपिकाकडून.

संतापलो. कोणावर, ते अद्याप निश्चित झालेले नाही. रक्तदाब (यापुढे र. दा.) १५२/९०.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सायं. ५.४०. रेवा आल्यावर चहा पुढे ठेवून सरळ विचारले. तिने दप्तरातून हमीपत्राचा कोरा नमुना काढला. नऊ दिवस तेथेच होता. घडीवर चटणीचा डाग.

"सांगणार होते."

"केव्हा?"

"तुम्ही पेपरातल्या चुकांना गोल करणं थांबवाल तेव्हा."

वर्तमानपत्र बाजूला ठेवले.

सप्टेंबरपासून दर गुरुवारी दुपारी तीनला ती जाते. समुपदेशक बाईंचे नाव फरहत. का जातेस, असे विचारले. म्हणाली, बरे वाटत नव्हते. मग डॉक्टरकडे जायचे, एवढे मोठे रुग्णालय घरापासून पाच मिनिटांवर आहे, असे मी म्हणालो. "त्या बरं नाहीतलं नव्हे, आबा."

सप्टेंबरात तिने दोन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका कोऱ्या दिल्या होत्या, हे मला गुणपत्रकावरून ठाऊक होते. दोन-दोन दिवस केस विंचरलेले नसत, तेही पाहिले होते. मी त्याला निष्काळजीपणा समजलो आणि पहाटे पाचपासूनचे वेळापत्रक आखून, रेघा मारून, फ्रिजवर चिकटवले. ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती. आजही बोलली नाही. फक्त फ्रिज उघडताना त्याच्याकडे पाहिले.

रात्रीचे जेवण आटोपून नमुना वाचला. चार कलमे. एक: पाल्याची मानसिक अवस्था ठीक नाही, याची पालकास जाणीव आहे. दोन: तिची संपूर्ण जबाबदारी पालकाची. तीन: काही ‘अप्रिय घटना’ घडल्यास संस्था उत्तरदायी राहणार नाही. चार: डॉक्टरचे प्रमाणपत्र येईपर्यंत संस्था तिला वर्गात बसण्यास मनाई करू शकेल. हिंदी अत्यंत ढिसाळ. पेन्सिलीने तीन दुरुस्त्या केल्या. मग ध्यानात आले की दुरुस्ती करणे म्हणजे मसुदा मान्य करण्याची पहिली पायरी. खोडरबराने पुसल्या.

हा नमुना केवळ समुपदेशकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हणजे ज्याने मदत मागितली, त्याच्याकडून हमी घ्यायची. जो न मागता आतल्या आत कुढतो, त्याला कसलाच कागद नाही.

सही करणार नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

महाविद्यालयात गेलो. विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता श्री. दुबे (यापुढे दु. सा.). पन्नाशीचा, टापटिपीचा मनुष्य. उठून उभा राहिला, चहा मागवला.

ते म्हणाले, ही केवळ औपचारिकता आहे. मी म्हणालो, औपचारिकता असेल तर तिच्यावाचून चालेल. आणि चालणार नसेल तर तिला औपचारिकता म्हणू नये. ते हसले. हमीपत्राचे परिपत्रक निघाल्यापासून समुपदेशन कक्षातील गर्दी कमी झाली आहे, असे त्यांनी समाधानाने सांगितले. पूर्वी गुरुवारी बाहेरचा बाक भरलेला असे, आता एखाद-दुसरा. "मामले कम हुए हैं।"

कारखान्यात चौतीस वर्षे मी तपासणी विभागात होतो. एखाद्या शॉपने, म्हणजे उत्पादन विभागाने, तपासणीला माल पाठवणे बंद केले की त्या महिन्यात नापास मालाचा आकडाही शून्य येतो, हे त्यांना सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

मग त्यांनी उठून दार लोटले. हळू आवाजात म्हणाले, "पिछले साल अस्पताल के पोर्च में एक बाप के साथ मैं बैठा था, आगाशेजी। सुबह तक। फिर वकील आए, अख़बार वाले आए। आप नहीं बैठे थे।"

 चहा संपवला. नमुना कोराच परत आणला.

बाहेर पडताना समुपदेशन कक्ष पाहिला. जिन्याखालची खोली. दारावर तेच परिपत्रक डकवलेले. बाकावर कोणी नाही. तीन वाजायला दहा मिनिटे होती. रेवा मला पाहील म्हणून लगबगीने निघालो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रसादचा फोन. चिरंजीवांचे म्हणणे: "बाबा, करून टाका ना सही. कोण वाचतंय तो कागद?" मी म्हणालो, जो कागद कोणी वाचत नाही तोच न्यायालयात वाचला जातो. "तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा खटला होतो." मग बोलण्याच्या ओघात कळले की त्याला आणि सूनबाईंना ऑक्टोबरपासून सर्व ठाऊक आहे. रेवाने आईला सांगितले होते. घरात राहणारा मीच एकटा अनभिज्ञ.

मला का नाही सांगितले, असे विचारले.

"कारण तुम्ही हे असंच कराल म्हणून, बाबा."

ठीक. असेच करणार.

दुपारी २ ते ६ संचालकांच्या नावे पत्र लिहिले. शुद्ध हिंदीत, अडीच पृष्ठे. रेवाचे पूर्ण नाव, शाखा, अनुक्रमांक. ती कोणत्या महिन्यापासून कक्षात जाते. दूरध्वनी केव्हा आला, लिपिक काय बोलला. गोपनीयतेचा भंग कसा झाला. चारही कलमांचे स्वतंत्र खंडन. विशेषण एकही अनावश्यक नाही. खाली, सवयीप्रमाणे, प्रतिलिपी: अधिष्ठाता, विभागप्रमुख, वर्ग समन्वयक, परीक्षा नियंत्रक, प्रयोगशाळा प्रभारी. शेवटचा एवढ्यासाठी की कलम चार वर्गात बसण्याविषयी आहे, आणि प्रयोगशाळा हाही वर्गच. ज्या पत्राच्या प्रती निघत नाहीत ते पत्र पहिल्याच टेबलावर मरते, हे मी कारखान्यात नव्या मुलांना शिकवीत असे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पत्र व पाचही प्रती स्वतः नेऊन दिल्या. प्रत्येकाची पोच घेतली, शिक्क्यासह. परीक्षा विभागातील बाबू म्हणाला, "इतना कौन लिखता है आजकल।" प्रशंसा समजून घेतली.

र. दा. १३८/८४. फार दिवसांनी दुपारी झोप लागली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रेवा पाचऐवजी दोन वाजता घरी आली. चपला दारातच. दप्तर खांद्यावरच. हातात माझ्या पत्राचा मोबाइलवरील फोटो. तो तिला वर्गातील कोणीतरी पाठवला होता. सोबत एक हसरे चित्र.

घडले ते असे. प्रयोगशाळा प्रभारींनी सकाळी सर्वांसमक्ष तिला विचारले, "बेटा, अब तबियत कैसी है?" आणि तिला यंत्रापासून दूर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले. तिच्या गटातील मुलीला सांगितले, जरा हिच्याकडे लक्ष ठेव. सद्हेतूने. समन्वयक बाईंनी पत्र विभागाच्या मोबाइल गटात टाकले, सूचनेसाठी. तेथून ते पसरले.

"आबा, त्या क्लार्कनं फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सगळ्या डिपार्टमेंटला सांगितलंत. टाइप करून."

मी म्हणालो, पत्राचा विषय गोपनीयतेचा भंग हाच होता.

"हो. वाचलं मी. फार शुद्ध आहे." मग दप्तर खाली ठेवून, आवाज न चढवता: "मी पलीकडच्या खोलीत होते. तुम्हाला माझ्याशी बोलता आलं असतं. तुम्ही डायरेक्टरला पत्र लिहिलंत."

खोलीचे दार लावून घेतले. आपटले असते तर बरे वाटले असते.

पत्राची कार्यालयीन प्रत पुन्हा वाचली. निर्दोष आहे. पहिल्याच ओळीत तिचे नाव आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

रेवा महाविद्यालयात गेली नाही. म्हणजे फरहत बाईंकडेही गेली नाही. दुपारी तीन वाजता मी स्वयंपाकघरात उभा राहून घड्याळ पाहत होतो. सव्वातीन. साडेतीन. पोहे केले, दाराबाहेर ठेवले. चार वाजता उचलले, तसेच.

हमीपत्राने जे महिनाभरात साधले नसते ते मी पाच प्रतींत साधले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

स. १०.३० फरहत बाईंना भेटलो. वय पस्तीस असावे. जुन्या भोपाळची स्वच्छ उर्दूमिश्रित हिंदी; कानाला बरी वाटली. मी बोलू लागताच त्यांनी थांबवले. "रेवा के बारे में मैं आपसे कुछ नहीं कहूँगी, अंकल। वह यहाँ आती है या नहीं, यह भी नहीं।"

त्या इमारतीत नियम समजलेला हा पहिला मनुष्य मला भेटला. तसे बोलून दाखवले. त्या हसल्या नाहीत; पण पाणी दिले.

मग मी माझ्याविषयी सांगितले. त्याला त्यांची हरकत नव्हती. बोलता बोलता कळले की दु. सा. यांनी त्यांच्याकडे येणाऱ्या सर्व मुलामुलींची यादी मागितली आहे. बाईंची नेमणूक कंत्राटी, मार्चपर्यंत. "मैंने कह दिया, नहीं दूँगी। अब देखते हैं।" हे त्या, दुकानात दूध संपले आहे असे सांगावे, तशा सुरात म्हणाल्या.

निघताना त्यांनी एक विचारले. घरातले मूल असे गप्प असते, तेव्हा तुम्ही त्याला कधी सरळ विचारले आहे का, की मरण्याचा विचार मनात येतो का?

मी म्हणालो, असले शब्द उच्चारू नयेत. नसेल ते मनात भरते.

"पूछने से बात दिमाग़ में नहीं घुसती, अंकल। होती है, तो पहले से होती है।"

स्कूटर सुरू करायला तीन किका लागल्या. 

शनिवार, २२ नोव्हेंबर

काल रात्रीपासून रामसजीवनचा चेहरा डोळ्यांपुढे. आमच्या शॉपमधला लेथवरचा कारागीर. मी तेव्हा कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत क्वार्टरमध्ये राहत होतो, प्रसाद शाळेत होता. एक महिनाभर रामसजीवन यंत्रापुढे नुसता बघत उभा राही. दोन नग बिघडवले. मी नियमाप्रमाणे अहवाल दिला: ‘कामावर चित्त नाही, वैद्यकीय तपासणी व्हावी.’ त्याची बदली भांडारात झाली. शॉपमधली मुले त्याला ‘पगला’ म्हणत. माझ्या अहवालात तो शब्द नव्हता, म्हणून त्याची जबाबदारी मी कधी घेतली नाही.

गोविंदपुऱ्यात त्याच्या मुलाचे छोटे वर्कशॉप आहे. शोधत गेलो. रामसजीवन दारात खुर्ची टाकून बसलेला. दृष्टी अधू, पण आवाजावरून ओळखले. "आगाशे साहब।" उठू लागला, मी बसवले.

तो अहवाल आठवतो का, असे विचारले.

"पाँच कापी थी, साहब।"

क्रमाने सांगितल्या. कोणाकोणाला गेल्या होत्या, ते मी विसरलो होतो, तो नाही. त्या महिन्यात त्याच्या धाकट्या मुलाला विषमज्वर होता, हा रात्रभर उशाशी बसून सकाळच्या पाळीला येत असे. हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. अकरा वर्षे भांडारात होता. लेथला पुन्हा हात लावू दिला नाही. मी क्षमा मागितली, स्पष्ट शब्दांत. तो म्हणाला, "चाय ठंडी हो रही है।"

प्यालो. त्याचा मुलगा आतून हसून म्हणाला, बाबूजी अजून प्रत्येक नग बोटाने चाचपून पाहतात आणि बरोबर सांगतात.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रेवा महाविद्यालयात गेली. जेवली. एक पोळी. बोलणे फक्त कामापुरते: गीझर, गॅस, चावी.

वहीच्या मागच्या पानावर तो प्रश्न चार प्रकारे लिहून पाहिला. पहिल्यात कर्ता नाही. दुसऱ्यात कर्मणी प्रयोग, कारखान्याच्या चौकशीसारखा. तिसरा इतका लांब की मरण शेवटी येईपर्यंत ऐकणारा झोपेल. चौथा खोडला.

विचारता आला नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

नाही.

फ्रिजवरचे वेळापत्रक काढले. गोंदाचे चार डाग राहिले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दोन किलो मटार आणला. गरज अर्ध्या किलोची होती. सायंकाळी जेवणाच्या टेबलावर परात ठेवून सोलायला बसलो. थोड्या वेळाने ती येऊन समोर बसली आणि शेंगा ओढून घेतल्या. रागातही या घराण्याला मटार एकट्याने सोललेला पाहवत नाही.

"रेवा, मरावे असे तुझ्या मनात येते का?"

लिहिलेल्या चारपैकी हा एकही नव्हता.

तिने तीन-चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "यायचं. सप्टेंबरात रोज. आता कधीतरी."

मी हात थांबवले नाहीत. थांबवले असते तर तीही थांबली असती, असे वाटले.

"आले की काय करतेस?"

"गुरुवारपर्यंत थांबायचं. मॅडमनी आणि मी असं ठरवलंय. आज काही ठरवायचं नाही, गुरुवारी बोलायचं. मग गुरुवार येतो. मग पुढचा."

"आणि गुरुवारच्या आधी फार झाले तर?"

"तर कोणाला सांगायचं त्यांची नावं आहेत एका कागदावर. रात्रीही फोन उचलतात असा एक नंबर आहे. आई आहे." एक दाणा परातीबाहेर उडाला, तो तिने उचलून टाकला. "तुमचं नाव दुसरं होतं. मागच्या बुधवारी खोडलं."

"बरोबर केलेस."

"बरोबरच केलं. मला तुमचं सर्टिफिकेट नकोय, आबा."

मग म्हणाली, मागचा गुरुवार चुकला तेव्हा तिने त्या रात्रीच्या क्रमांकावर फोन केला होता. पलीकडच्या खोलीतून. मी माझ्या खोलीत रक्तदाब मोजत होतो.

चुकलो, असे म्हणालो. पत्र लिहिताना तुझा विचार केला नाही, माझ्या बाजूचा केला. एवढेच, विशेषणे लावली नाहीत. ती ‘हं’ म्हणाली. मटार पावणेआठपर्यंत पुरला.

उद्या ती जाणार आहे. आता मला त्या कागदाचा अर्थ कळतो. कलम तीन मी वाचले होते, पण त्यात कोणाचे प्राण आहेत ते वाचले नव्हते. जिच्यासाठी गुरुवार हा पुढच्या गुरुवारपर्यंतचा पूल आहे, तिला ते म्हणतात: पुलावर पाय ठेवायचा तर आधी लिहून द्या की पडलीस तर आमचा संबंध नाही.

पूर्वी सही करणार नव्हतो ती कलमांसाठी. आता तिच्यासाठी करणार नाही. बळ निराळे वाटते.

शनिवार, २९ नोव्हेंबर

प्रसादचा फोन, आवाज मोठा करून, चौघांत. जन्मदाता पिता तो आहे, तोच सही करून कागद पाठवून देतो, विषय संपला, असे त्याचे म्हणणे. "मंगळवारी, नऊ तारखेला पेपर सुरू होतायत. हॉल तिकीट नाही. बाबा, तुमच्या तत्त्वापायी तिचं वर्ष जाईल."

मी तोंड उघडले. रेवाने माझ्याकडे पाहिले. मिटले.

"बाबा," ती त्याला म्हणाली, "सही झाली की त्यांच्याकडे लिहिलेलं असणार, ही वेडी आहे आणि जबाबदार कोणी नाही. मग मी त्या खोलीत काय बोलणार? प्रत्येक वाक्य मोजून. त्यापेक्षा नाहीच जाणार मी."

"अगं पण वर्ष..."

"वर्ष परत मिळतं."

त्या टोकाला सूनबाई रडत होत्या, त्या म्हणाल्या, तिचे ऐक.  प्रसादने मला विचारले, बाबा, तुम्ही का गप्प? मी म्हणालो, बोलायची पाळी माझी नाही. तो म्हणाला, आज तारीख लिहून ठेवायला हवी. लिहिली आहे.

सोमवार, १ डिसेंबर

रेवा स्वतः दु. सा. यांच्याकडे गेली. मला सोबत येण्याची अनुमती होती, अटी तीन. बाहेर बसायचे. बोलायचे नाही. खिशातून कागद काढायचा नाही.

तिने नमुन्यातील चारही कलमांवर रेघ मारली होती आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: मी एकोणीस वर्षांची आहे, मी स्वतःच्या इच्छेने समुपदेशकाकडे जाते व जात राहीन, तेथे काय बोलते ते कोणाला सांगायचे, हे मी ठरवीन. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका. पाहिल्या. त्याविषयी बोललो नाही.

पंचवीस मिनिटे ती आत. दु. सा. यांचा आवाज एकदा चढला. तिचा एकदाही ऐकू आला नाही. बाकावर माझ्याशेजारी एक मुलगी येऊन बसली, रेवाच्या वर्गातली. रेवा बाहेर येताच तिने विचारले, "तूने साइन नहीं कराया?" रेवा म्हणाली, नाही. "मेरे पापा ने कर दिया था। फिर मैं गई ही नहीं।" रेवा तिच्याजवळ थांबली. मी पुढे जाऊन स्कूटरपाशी उभा राहिलो, अट नसताना.

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले. मी म्हटलं, बघा. नऊ तारखेला मी पेपरला येतेय."

बुधवार, ३ डिसेंबर

वायुदुर्घटनेचा स्मृतिदिन, शहरात सुट्टी. सकाळी रस्ता, या दिवशी दरवर्षी असतो तसा, हळू.

रेवा द्रवयांत्रिकीचा अभ्यास करीत होती. एक उदाहरण अडले म्हणून वही पुढे केली. मी जुन्या एककांत सोडवले. उत्तर बरोबर, पण तिला ओळखू येईना. "हे कुठल्या शतकातलं?" हसली. मोठ्याने. पलीकडच्या बाईंनी खिडकीतून पाहिले, एवढ्या मोठ्याने.

गुरुवार, ४ डिसेंबर

दु. २.४५ तिला फाटकाशी सोडून परत. आत गेलो नाही.

पाचला आली. बाकावर चौघे होते म्हणाली. त्या दिवशीची मुलगीही. फरहत बाईंना यादी न दिल्याबद्दल मेमो मिळाला आहे. तीन दिवसांत खुलासा मागितला आहे. हे बाईंनी सांगितले नाही, शिपायाने सर्वांना सांगितले. बाईंनी तीन वाजता दार उघडले, नेहमीप्रमाणे.

मी पेनाकडे पाहिले असावे.

"आधी त्यांना विचारा," रेवा म्हणाली. "पत्र हवंय का, ते."

उद्या विचारीन.

त्या कागदावर माझे नाव पुन्हा लिहिले आहे का, हे तिला विचारलेले नाही. तो प्रश्न माझ्या सोयीचा आहे, तिच्या नव्हे.

शुक्रवार, ५ डिसेंबर

फरहत बाईंना विचारले. म्हणाल्या, सध्या नको. खुलासा दोन ओळींचा दिला आहे. दोन ओळी दाखवल्या. एक शब्द बदलण्यासारखा नव्हता.

सोमवार, ८ डिसेंबर

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर रेवाच्या नावापुढे अजून ‘रोका गया है’. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले. इतरांची प्रवेशपत्रे शुक्रवारीच निघाली. प्रसादचे तीन फोन. तिसऱ्यात फक्त रेवाला द्या म्हणाला. दोघे अर्धा तास बोलली. मी अंगणात होतो.

दु. ४.१० दु. सा. यांचा फोन, स्वतः, कार्यालयातून नव्हे. "आगाशेजी, आप बुज़ुर्ग हैं, आप ही समझाइए। सिर्फ़ एक साइन। मैं अभी खुलवा देता हूँ।" आवाज थकलेला. मला तो पोर्च आठवला, जो मी पाहिलेला नाही.

"दुबेजी," मी म्हणालो, "उसकी ज़िम्मेदारी मेरी है ही। उसके लिए आपका काग़ज़ नहीं लगता। मगर आपके हिस्से की ज़िम्मेदारी मैं नहीं लूँगा।"

 त्यांनी विचारले, उद्या आम्ही किती वाजता येणार. नऊ वाजता, असे सांगितले.

"ठीक है। गेट पर मैं रहूँगा।"

रेवाला जसेच्या तसे सांगितले.

"अडवायला की आत घ्यायला?"

"ते त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही."

तिने दोन पेने, पट्टी, ओळखपत्र, पाण्याची बाटली पिशवीत भरली. केस विंचरले, घट्ट वेणी घातली, साडेनऊलाच झोपायला गेली. जाताना म्हणाली, अडवले तर मी गेटवर उभी राहणार आहे, पेपर संपेपर्यंत, तीन तास. तुम्ही घरी जा, ऊन असेल. मी म्हणालो, डिसेंबरात ऊन बाधत नाही.

पेपर दहाला. आठ वाजून वीस मिनिटांनी निघायचे.